द्राक्षवेलीच्या कोवळ्या फुटीला सावली किती द्यावी?
जाळी विकणाऱ्या, शिवणाऱ्या व बांधणाऱ्या बांधवांसाठी उपयुक्त माहिती

मार्च महिना संपत आला की नाशिक, निफाड, तासगाव, पंढरपूर, बार्शी या भागांतील कापड, बारदान आणि जाळीच्या दुकानांत द्राक्ष बागायतदारांची ये-जा वाढते. माल काढून झालेला असतो, हातात थोडाबहुत पैसा असतो आणि डोक्यावर ऊन तापू लागलेले असते. बागायतदार विचारतो, "वेलीची नवीन फूट उन्हाने करपते. दाट सावलीची हिरवी जाळी आहे का?" दुकानदार सर्वांत दाट जाळीचा गठ्ठा पुढे टाकतो. व्यवहार पाच मिनिटांत उरकतो. पुढे ऑक्टोबरमध्ये छाटणी झाल्यावर वेलीला घडच कमी लागले, तर त्याचा संबंध एप्रिलमधल्या त्या जाळीशी जोडण्याचे ना बागायतदाराला सुचते, ना दुकानदाराला.

शेडनेट, जुन्या साड्या, बारदान आणि मंडपाचे कापड यांच्या व्यापारात आपले पुष्कळ बांधव आहेत. जाळी शिवणारे शिंपी, सांगाडा उभा करणारे वेल्डर, ठिबकची जोडणी करणारे कारागीरही आहेत. आपण जो माल विकतो तो गिऱ्हाइकाच्या शेतात काय काम करतो हे कळल्याशिवाय व्यापार पुरा होत नाही. म्हणून द्राक्षवेल, ऊन आणि सावली यांचा हिशेब येथे मांडत आहे.

वेलीला विश्रांती नाही

थंड देशांत हिवाळ्यात द्राक्षवेल झोपी जाते. पाने गळतात, बर्फ पडते आणि वसंत ऋतूत नवीन फूट येते. त्या फुटीवर त्याच वर्षी फळ येते. आपल्या दख्खनमध्ये एवढी थंडी नाही, त्यामुळे वेल पूर्ण झोपत नाही. येथे तिला वर्षातून दोनदा छाटावे लागते. इब्न बतूता चौदाव्या शतकात दौलताबादला आला होता. तेथे द्राक्षे व डाळिंबे होतात आणि वर्षातून दोनदा फळतात अशी नोंद त्याने केलेली आहे.

आज आपल्याकडे छाटण्या दोन आणि पीक एक अशी पद्धत आहे. माल निघाल्यावर एप्रिलच्या सुमारास पहिली छाटणी होते. तिला खरड छाटणी म्हणतात. या छाटणीने फळ मिळत नाही, काडी तयार होते. दुसरी छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. तिला गोडी छाटणी म्हणतात. या छाटणीनंतर घड बाहेर पडतात आणि जानेवारी ते एप्रिलपर्यंत माल निघतो.

म्हणजे वर्षातील सर्वांत कोवळी पालवी वर्षातील सर्वांत कडक उन्हात बाहेर येते. सोलापूर-पंढरपूर भागात एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो. नाशिककडेही काही दिवस तो ४० च्या आसपास असतो. द्राक्षाचे पान साधारण २५ ते ३० अंशांत उत्तम काम करते. ३५ च्या पुढे ते मंदावते आणि ४० च्या पुढे पानाचे अन्न तयार करण्याचे काम फारच कमी होते.

उन्हाचा मार कोठे बसतो

पहिला मार ओलांड्यावर. खोडापासून तारेवर आडव्या नेलेल्या जाड फांदीला ओलांडा म्हणतात. खरड छाटणीनंतर वेलीवर एकही पान राहत नाही. कालपर्यंत पानांच्या छत्रीखाली असलेला ओलांडा एका दिवसात उघडा पडतो. त्याची साल हवेपेक्षाही जास्त तापते. वरच्या बाजूची साल तडकते, काही वेळा ओलांड्याचा एखादा भाग कायमचा मरतो.

दुसरा मार डोळ्यांवर. छाटणीनंतर साधारण दहा-बारा दिवसांत डोळे फुटतात. हवा फार कोरडी आणि गरम असेल तर काही डोळे आधी फुटतात, काही मागे राहतात, काही फुटतच नाहीत. म्हणूनच या दिवसांत बागायतदार ओलांड्यावर दिवसातून दोन-तीनदा पाणी फवारतात.

तिसरा मार कोवळ्या फुटीवर. नवीन पानाची कातडी पातळ असते, त्यावरचा मेणासारखा थर पुरा तयार झालेला नसतो. गरम वारा पानातून पाणी ओढून घेतो. मुळे तेवढ्या वेगाने पाणी पुरवू शकली नाहीत तर शेंडा मान टाकतो, पानाच्या कडा करपतात.

चौथा आणि सर्वांत मोठा मार नवीन बागेवर. गेल्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कलम भरलेल्या रोपांचा जानेवारी-फेब्रुवारीत रिकट घेतला जातो, म्हणजे कलमाची काडी कापून नवीन जोमदार फूट काढली जाते. त्याच फुटीचे पुढे खोड आणि ओलांडे होतात. ही एकेकटी फूट बांबूच्या आधाराने उभी असते. तिच्याभोवती दुसऱ्या पानांची सावली नाही, मुळे अजून खोल गेलेली नाहीत. शेंडा करपला तर खोड वाकडे होते, वाढ थांबते आणि पुढचे वेळापत्रक कोलमडते. सावलीची खरी गरज येथे आहे.

याच दिवसांत पुढचे पीक ठरते

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. पुढच्या जानेवारीत बाजारात येणारा घड ऑक्टोबरमध्ये तयार होत नाही. तो एप्रिल छाटणीनंतरच्या काडीच्या डोळ्यात आधीच तयार झालेला असतो. ऑक्टोबरमध्ये तो फक्त बाहेर पडतो. डोळ्याच्या आत हा अतिसूक्ष्म घड बनण्याच्या क्रियेला सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात. आपल्या हवामानात खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांच्या काळात ही क्रिया जोरात चालते.

डोळ्याच्या आत प्रथम एक साधा उंचवटा येतो. त्याचा पुढे घड होऊ शकतो किंवा नुसता बाळीसारखा ताणा होऊ शकतो. काय होणार हे त्या काळातील परिस्थितीवर ठरते. काडीत अन्नसाठा चांगला असेल आणि डोळ्याजवळच्या पानांवर भरपूर प्रकाश पडत असेल तर घड होतो. प्रकाश कमी पडला, नत्र आणि पाणी जास्त झाले, वेल नुसतीच माजली, तर ताणा होतो. बाग हिरवीगार दिसते, पण घड लागत नाहीत. म्हणूनच खरड छाटणी फार उशिरा झाली तर बागायतदार काळजीत पडतो. घडनिर्मितीचे दिवस जून-जुलैच्या ढगाळ हवेत सापडतात.

येथे थोडे गणित करू. भर दुपारी उघड्या रानात सुमारे १ लाख लक्स प्रकाश असतो. द्राक्षाच्या एका पानाला त्याचा साधारण तिसरा हिस्सा मिळाला तरी त्याचे काम पूर्ण वेगाने चालते. मग ७५ टक्के सावली दिली तर काय बिघडले, असे कोणी म्हणेल. बिघडते ते असे की वेलीला एक पान नसते, पानांवर पाने असतात. एका पानातून जेमतेम ६ ते १० टक्के प्रकाश पलीकडे जातो. ७५ टक्क्यांच्या जाळीखाली वरच्या पानावर २५ हजार लक्स पडतात, आणि त्या पानाआडच्या पानावर व डोळ्यावर फार तर अडीच हजार. ३५ टक्क्यांच्या जाळीखाली वरच्या पानावर ६५ हजार आणि आतल्या डोळ्यावर साडेसहा हजारांपर्यंत. दोन्ही जाळ्यांनी उन्हाचा चटका कमी होतो, पण पहिली जाळी पुढच्या पिकाचा प्रकाशही अडवते.

यावरून धंद्यासाठी दोन नियम निघतात. फळ देणाऱ्या बागेला दाट जाळी विकू नये. आणि जी पातळ जाळी विकली ती कोणत्या तारखेला काढायची हे विकतानाच सांगावे. समजा १० एप्रिलला छाटणी झाली. ३५ वा दिवस १५ मेला येतो, ४० वा २० मेला आणि ६० वा ९ जूनला. म्हणजे १५ मेपर्यंत जाळी उतरलीच पाहिजे. बिलावर छाटणीची तारीख आणि जाळी काढण्याची तारीख लिहून दिली तर गिऱ्हाईक ते विसरणार नाही आणि दुकानही विसरणार नाही.

जाळी काढतानाही एकदम काढू नये. सावलीत वाढलेले पान अचानक उन्हात आले तर करपते. प्रथम सकाळ-संध्याकाळ जाळी बाजूला करावी आणि चार-पाच दिवसांत ती पूर्ण उतरवावी. ढगाळ दिवस मिळाला तर उत्तम.

कोणती जाळी कोठे

बाजारात ३५, ५०, ७५ आणि ९० टक्के सावलीच्या जाळ्या मिळतात. ३५ टक्के म्हणजे शंभरातील ३५ भाग प्रकाश अडतो, ६५ भाग आत जातो. कामाप्रमाणे त्यांची वाटणी अशी करता येते.

फळ देणारी बाग: पूर्ण बागेवर जाळी पसरण्याची बहुधा गरज नसते. डोळे फुटेपर्यंत ओलांड्यापुरती अरुंद पट्टी किंवा भिजवलेले बारदान पुरते. डोळे फुटू लागताच ते काढावे, नाहीतर काढताना कोवळे कोंब मोडतात.

नवीन बाग: ओळीच्या पश्चिम बाजूला ३५ टक्क्यांची, फार तर ५० टक्क्यांची एक मीटर रुंद पट्टी. मे महिन्यात आपल्या भागात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो. पण पानांना जास्त त्रास होतो तो दुपारी दोननंतर, जेव्हा हवा आणि जमीन दोन्ही तापलेल्या असतात आणि ऊन पश्चिमेकडून तिरके येते. ओळी दक्षिण-उत्तर असतील तर पश्चिमेची पट्टी चांगले काम करते. ओळी पूर्व-पश्चिम असतील तर पट्टी वरच्या बाजूला, फुटीपासून दीड-दोन फूट उंच बांधावी.

बांधावर: पश्चिमेकडील गरम वारा अडवण्यासाठी ५० टक्क्यांची जाळी उभी लावावी. वाऱ्याला पूर्ण अडवणारी भिंत चांगली नाही. भिंतीवरून वारा उसळतो आणि पलीकडे भोवरे तयार होतात. अर्धी उघडी जाळी वाऱ्याचा जोर मोडते. जाळीच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत तिचा उपयोग होतो. तीन मीटर उंच जाळी असेल तर तीस मीटरपर्यंत.

रोपवाटिका: कलमांच्या रोपांसाठी ५० टक्के आणि अगदी सुरुवातीच्या दिवसांत ७५ टक्केसुद्धा चालते. दाट जाळीचे हे योग्य ठिकाण आहे.

रंगाबाबतही गैरसमज आहे. हिरवी जाळी माणसाच्या डोळ्याला थंड वाटते, म्हणून तीच मागितली जाते. काळी जाळी स्वतः तापते. पांढरी जाळी प्रकाश विखरून आत सोडते, त्यामुळे आतल्या पानांनाही थोडा प्रकाश पोहोचतो. द्राक्षाच्या कोवळ्या फुटीसाठी पांढरी जाळी अधिक बरी. पावसापासून बचावासाठी काही बागांवर प्लास्टिकचा पारदर्शक कागद असतो. त्याला सावली समजू नये. एप्रिल-मेमध्ये त्याच्याखाली उष्णता कोंडते, म्हणून तो गुंडाळून ठेवावा लागतो.

साड्या, बारदान आणि मंडपाचे कापड

डाळिंबाच्या बागेवर जुन्या साड्या पांघरलेल्या आपण पाहतो. द्राक्षाच्या नवीन बागेतही काही शेतकरी त्या वापरतात. हा माल स्वस्त आहे आणि जुन्या कपड्यांच्या व्यापारातील आपल्या बांधवांना त्यात चांगले काम आहे. पण साडी निवडताना कापडाची नजर वापरावी. सुती साडी उन्हात आणि ओलाव्यात लवकर विरते, एका हंगामापुरती धरावी. सिंथेटिक साडी जास्त टिकते. फिकट रंगाची, पातळ विणीची साडी घ्यावी. गडद आणि जाड साडी ७५ टक्क्यांच्या जाळीसारखी वागते.

दुहेरी घडी घातली तर सावली दुप्पट होते असे नाही. ३५ टक्क्यांच्या दोन थरांतून पहिला थर ६५ भाग सोडतो आणि दुसरा त्या ६५ चे ६५ टक्के, म्हणजे सुमारे ४२ भाग. सावली ५८ टक्के झाली, ७० नव्हे. हा हिशेब गिऱ्हाइकाला सांगता आला पाहिजे.

बारदान ओलांड्यावर टाकायला उत्तम, कारण ते पाणी धरून ठेवते आणि पाणी उडताना थंडावा मिळतो. मात्र ते कायम ओले आणि घट्ट गुंडाळलेले राहिले तर सालीखाली बुरशी वाढते. ते सैल टाकावे. कोवळ्या फुटीभोवती कोणतेही कापड गुंडाळू नये. बांबूला पश्चिम बाजूने पडद्यासारखे बांधावे आणि फूट व कापड यांत हातभर अंतर ठेवावे. हवा खेळली नाही तर आडोशाच्या आत बाहेरपेक्षा जास्त तापते. पॉलिथिनची पिशवी किंवा नळी तर मुळीच वापरू नये, तिच्यात कोंब शिजतो.

एप्रिल-मेमध्ये वळवाचे वादळ येते. अशा वेळी कापड शिडासारखे फुगते. गाठ अशी असावी की जोर आला तर दोरी सुटेल, पण तार आणि खांब वाचतील. मंडपवाले हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. त्यांनी या कामाकडे जरूर पाहावे.

जाळी घेण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

सावली हा शेवटचा उपाय आहे. पान स्वतःला थंड ठेवते ते पाणी उडवून. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शोषली जाते. मुळाशी ओल असेल तर वेल स्वतःच आपला कूलर चालवते. म्हणून प्रथम विचारावे, ठिबक चालू आहे का, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी पाणी सुटते का, बोदावर उसाचे पाचट किंवा इतर आच्छादन आहे का? उघडा बोद तापला की वरच्या थरातील बारीक मुळे मरतात आणि मग जाळी कितीही चांगली असली तरी शेंडा मान टाकतोच. केओलिन नावाच्या पांढऱ्या मातीची फवारणीही पानाचे तापमान कमी करते. खरड छाटणीच्या काळात वेलीवर फळ नसल्यामुळे फळावर डाग पडण्याची भीती नसते.

दुसरे असे की करपलेले प्रत्येक पान उन्हाने करपलेले नसते. उन्हाचा चट्टा उघड्या बाजूच्या, विशेषतः पश्चिमेकडच्या पानांवर दिसतो. पाण्यात क्षार जास्त असतील तर आधी खालची जुनी पाने कडेने वाळतात. फुलकिडे असतील तर कोवळी पाने वाटीसारखी वळतात आणि त्यांवर तपकिरी ओरखडे दिसतात. कडक उन्हात गंधकाची फवारणी झाली असेल तर औषधानेच पाने भाजतात. या तिन्ही दुखण्यांवर जाळीचा इलाज नाही. गिऱ्हाइकाला करपलेली चार पाने घेऊन यायला सांगावे आणि शंका असेल तर जाळी विकण्याआधी त्याला सहायक कृषी अधिकाऱ्याकडे पाठवावे. पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ पासून आहे. तेथील सल्ला बागायतदार मानतात.

माल पारखावा कसा

शेडनेटचे दोन प्रकार. एक पट्टीच्या धाग्याची, दुसरी गोल एकेरी तारेच्या धाग्याची. गोल धाग्याची जास्त टिकते. दोन्हींसाठी भारतीय मानक आयएस १६००८ आहे. त्याच्या पहिल्या भागात पट्टीची जाळी आणि दुसऱ्या भागात गोल धाग्याची जाळी येते. माल भरताना हा क्रमांक विचारावा.

वजन तपासणे सोपे आहे. अर्धा मीटर लांब व अर्धा मीटर रुंद तुकडा न ताणता कापा, ग्रॅममध्ये तोला आणि ४ ने गुणा. चौरस मीटरचे वजन मिळते. गठ्ठा ३ मीटर बाय ५० मीटरचा असेल तर तो १५० चौरस मीटर भरतो. वजन चौरस मीटरला १०० ग्रॅम सांगितले असेल तर गठ्ठा १५ किलो भरला पाहिजे. १३ किलो भरला तर लांबी, रुंदी किंवा धागा, यांपैकी काहीतरी कमी आहे. मात्र वजन भरले म्हणजे माल चांगला असेही नाही. धाग्यात भराव मिसळून वजन वाढवता येते. उन्हापासून धाग्याला वाचवणारे रसायन किती घातले आहे हे डोळ्याला दिसत नाही. त्यासाठी कारखान्याची लेखी हमी घ्यावी आणि ती गिऱ्हाइकालाही द्यावी.

सावलीचे प्रमाण तपासण्यासाठी लहानसे लक्स मीटर दुकानात ठेवावे. भर दुपारी एकदा उघड्यावर आणि एकदा जाळीखाली मोजले की खरा आकडा कळतो. जाळी आडवी ताणली की छिद्रे मोठी होतात आणि सावली घटते, म्हणून ती जशी बांधायची तशीच ताणून मोजावी.

कारागिरांचे काम

एका एकराचा हिशेब करू. ओळींतील अंतर ९ फूट असेल तर एकरात ओळींची एकूण लांबी ४,८४० फूट, म्हणजे सुमारे १,४७५ मीटर होते. तीन मीटर रुंदीच्या गठ्ठ्यातून एक मीटरच्या तीन पट्ट्या काढल्या तर एका गठ्ठ्यात १५० मीटर पट्टी मिळते. म्हणजे दहा गठ्ठे पुरतात. पूर्ण एकर झाकायचा तर २७ गठ्ठे लागतात.

या पट्ट्या कापणे, कडेला दुमड घालून शिवणे, ठरावीक अंतरावर रिंगा ठोकणे, दोरी ओवणे हे सर्व शिंप्याचे काम आहे. साधा सुती दोरा उन्हात एका हंगामात कुजतो, जाळी शाबूत राहून शिवण उसवते. जाळीला चालेल असाच उन्हात टिकणारा दोरा वापरावा. वेल्डर बांधवांना बांधावरच्या वारा-जाळीचे खांब आणि रोपवाटिकेचे सांगाडे करता येतील. शिवून, रिंगा लावून, ओळीच्या मापाने तयार केलेली पट्टी देणाऱ्या दुकानाकडे बागायतदार पुन्हा येतो, कारण त्याचे दोन दिवसांचे मजूर वाचतात.

भाडे, उधारी आणि ईमानदारी

फळबागेला सावली लागते ती महिनाभर. एवढ्यासाठी सर्वांनीच जाळी विकत घेण्याची गरज नाही. मंडपवाले कापड भाड्याने देतात तशी पट्टीही भाड्याने देता येईल. शरीअतमध्ये याला इजारा म्हणतात आणि तो जायज आहे. मुदत आणि भाडे आधी ठरलेले असावे. नेहमीच्या वापराची झीज मालकाची, निष्काळजीपणाचे नुकसान भाडेकरूचे. हे कागदावर लिहून घ्यावे.

उधारी द्यायची तर किंमत सौद्याच्या वेळीच पक्की करावी. पैसे उशिरा आले म्हणून रक्कम वाढवणे म्हणजे व्याजच होय. एप्रिलमध्ये बागायतदाराकडे मालाचे पैसे आलेले असतात, त्यामुळे रोखीचा आग्रह याच वेळी धरणे दोघांच्याही सोयीचे आहे.

फळांच्या व्यापारातील बागवान बांधवांसाठीही यात एक गोष्ट आहे. मे महिन्यात हिरवीगार दिसणारी बाग पाहून पुढच्या मालाचा सौदा करू नये. घड डोळ्यात आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही. गोडी छाटणीपूर्वी प्रयोगशाळेत काडी सूक्ष्मदर्शकाखाली तपासली तरच अंदाज येतो, आणि तोही अंदाजच. फळ तयार होण्याची लक्षणे दिसण्यापूर्वी ते विकण्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनाई केली आहे. द्राक्षाच्या बाबतीत या मनाईमागची हिकमत अगदी स्पष्ट दिसते.

मदीनेच्या बाजारात प्रेषितांनी (स.) धान्याच्या ढिगात हात घातला आणि आतले धान्य ओले निघाले, हा प्रसंग आपण सर्वांनी ऐकलेला आहे. ओला भाग वर का ठेवला नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले होते. जाळीच्या गठ्ठ्याचा वरचा थर चांगला आणि आतला हलका असेल तर तो त्याच प्रकारचा व्यवहार आहे. माप कमी देणाऱ्यांबद्दल तर कुरआनात सूरह मुतफ्फिफीनमध्ये कडक इशारा आहे. ५० मीटर लिहून ४७ मीटर भरणारा गठ्ठा आपण कारखान्यातून जसाच्या तसा आणून विकला, तर आपल्या गिऱ्हाइकापुढे जबाबदार आपणच आहोत.

बागायतदार २७ गठ्ठे मागायला येतो आणि त्याचे काम दहांत होणार असते. त्याला दहाच द्यावेत. गल्ल्यात त्या दिवशी कमी पैसे पडतील, पण त्याची बाग ऑक्टोबरमध्ये घडांनी भरली तर पुढच्या एप्रिलमध्ये तो शेजाऱ्यालाही घेऊन येईल. रोजीत बरकत देणारा अल्लाह आहे.

लक्षात ठेवण्यासाठी थोडक्यात:

१) फळबागेला दाट जाळी देऊ नये. नवीन बागेला पश्चिमेची पांढरी पट्टी द्यावी.
२) छाटणीची तारीख विचारून ३५ व्या दिवसापर्यंत जाळी काढण्याची तारीख बिलावर लिहावी.
३) जाळीआधी पाणी, आच्छादन आणि करपण्याचे खरे कारण विचारावे.
४) गठ्ठा तोलून, मोजून आणि उलगडून मगच विकावा.